आधी पाणी ओळखा

चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना आणि राजुरा तालुक्यांतल्या कित्येक घरांत तुरीची डाळ लवकर शिजत नाही. रात्रभर भिजत घातली, चुलीत लाकूड वाढवलं, तरी दाणा कच्चा राहतो. सुगरणीचा यात काही दोष नसतो. या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. त्याच दगडासाठी गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथं सिमेंटचे कारखाने उभे राहिले. पावसाचं पाणी मुरता मुरता तो चुना थोडाथोडा विरघळवून घेतं आणि विहिरीतून, हातपंपातून आपल्या बादलीत आणून सोडतं. डाळ न शिजवणारं हे जड पाणी साबणालाही फेस येऊ देत नाही.

आता तिथून पूर्वेकडे जा. १९८२ साली वेगळा जिल्हा होण्याआधी गडचिरोली हा चंद्रपूरचाच भाग होता, पण जमिनीच्या पोटातला दगड तेव्हाही वेगळाच होता. एटापल्ली-भामरागडकडे जुना, कठीण, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे आणि तो पाण्यात सहजी विरघळत नाही. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी एकत्र येतात. त्या बाजूच्या नदीनाल्यांच्या पाण्यात साबणाची वडी नुसती फिरवली तरी फेस होतो. पावसाळ्यात तेच पाणी गढूळ होतं, पण गढूळपणा वेगळा आणि जडपणा वेगळा. गाळ फडक्याने गाळून निघतो. विरघळलेला चुना गाळून निघत नाही.

घरच्या घरी धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण, फरशीचं फिनाईल करण्याच्या कृती आता जिकडे तिकडे मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत पाण्याचा उल्लेखही नसतो. अमुक साबण खिसा, तमुक सोडा घाला, झालं. एकीला त्या कृतीने कपडे स्वच्छ मिळतात, दुसरीचे पांढरे कपडे महिन्याभरात राखाडी होतात, आणि दुसरी समजते की घरचं ते शेवटी घरचंच. माझं म्हणणं असं की स्वस्ताईची सुरुवात किराणा दुकानात होत नाही, हापशीवर होते. आपलं पाणी कसं आहे हे कळलं की कुठली वस्तू लागेल आणि कुठली मुळीच लागणार नाही, हे आपोआप ठरतं.

जड पाण्यात साबण वाया जातो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. साबण म्हणजे तेलातलं आम्ल आणि सोडियम यांची जोडी. पाण्यात कॅल्शियम असेल तर तो सोडियमला बाजूला सारून स्वतः त्या आम्लाशी जोडला जातो. जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. कपड्यावर बसणारा चिकट, पांढुरका थर तोच, आणि न्हाणीच्या फरशीवर साचणारा चिकटाही तोच. पाण्यातला सगळा कॅल्शियम असा संपेपर्यंत फेस येत नाही आणि तोवरचा सगळा साबण फुकट जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे ३०० जडपणाचं पाणी काही जगावेगळं नव्हे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने अशा पाण्याची २० लिटरची एक बादली सुमारे ३६ ग्रॅम शुद्ध साबण खाते, तेही कपड्याला हात लावण्याआधी. बाजारातल्या वडीत सगळा साबणच नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून अधिक जातो. हाच कॅल्शियम धुण्याच्या सोड्याने खाली बसवायचा तर कोरडी पूड असलेला साडेसहा ग्रॅमच्या आसपास सोडा पुरतो, म्हणजे चहाचे साधारण दोन सपाट चमचे. साबण आणि सुटा सोडा यांच्या भावातला फरक प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेव्हा जड पाण्याच्या गावात पहिली बचत एवढीच: बादलीत आधी सोडा टाका, ढवळा, पंधरा मिनिटं थांबा, मग साबण लावा.

पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. झाकणाची पारदर्शक बाटली अर्धी भरा, तिच्यात आंघोळीच्या किंवा धुण्याच्या साध्या वडीचा नखाएवढा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस वर उभा राहिला आणि खालचं पाणी जवळपास स्वच्छ दिसलं तर पाणी मऊ. फेस लगेच बसला आणि पाणी दह्याच्या निवळीसारखं फुटलं तर जड. पावसाच्या पागोळ्यांचं पाणी घेऊन हेच केलं की दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. पागोळ्यांचं पाणी सगळ्यांत मऊ, म्हणून जड पाण्याच्या गावांनी पावसाळ्यात पांढरे कपडे याच पाण्यात धुवावेत. ही परीक्षा मात्र खऱ्या साबणानेच करायची, पावडरीने नाही. कारण पुढे येईलच.

या दोन जिल्ह्यांत साबण येण्याआधीही कपडे धुतले जातच होते. रिठा, शिकेकाई आणि हिंगण ही तीन झाडं त्या कामाची. शिकेकाईची काटेरी वेल जंगलात चढलेली असते, रिठ्याची फळं बाजारात सुटी मिळतात, आणि हिंगण वरोरा-भद्रावतीकडच्या कोरड्या, काळ्या मातीच्या रानात उभं असतं. हिंगणबेटाच्या गराने रेशमी वस्त्र धुण्याची रीत जुनी आहे. तिन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांचं एक टोक पाण्याकडे आणि दुसरं तेलाकडे झुकतं, म्हणून ती तेलकट मळ सोडवतात. साबणाहून त्यांचं वेगळेपण असं की कॅल्शियमशी जोडी जमवून ती खाली बसत नाहीत. कोरपन्याच्या पाण्यातही रिठ्याला फेस येतो. जिथं साबण हरतो तिथं रिठा चालतो, आणि ही गोष्ट रिठ्याच्या कौतुकात सहसा सांगितलेली आढळत नाही.

रिठ्याची दहा-बारा फळं फोडून बी काढून टाकावं. कामाची असतात ती टरफलं. ती लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळावी, कोमट झाल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळावी. हे पाणी दोन-तीन दिवस टिकतं, पुढे आंबून वास मारतं, म्हणून लागेल तेवढंच करावं. डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं. लहान मुलांपासून दूर ठेवावं. रिठ्याचं पाणी सौम्य असतं, तेव्हा त्याने कोळशाने माखलेला पायजमा निघेल अशी आशा धरू नये. पांढऱ्या सुती कपड्यांवर वारंवार वापरलं तर पिवळसर झाकही येते. त्याचं खरं क्षेत्र म्हणजे रेशीम, लोकर, रंग जाणारी लुगडी आणि सोन्याचांदीचे दागिने.

रेशमाचा विषय इथं वरवरचा नाही. आरमोरी आणि नागभीड हा कोशाचा मुलूख आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळायचे, कोश उतरवायचे, हे काम इथले ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. कोशाचा धागा सोडवण्यासाठी कोश सोड्याच्या पाण्यात उकळतात, म्हणजे त्यातला चिकट पदार्थ विरघळून धागा मोकळा होतो. जो सोडा कोशाचा चिकटपणा काढतो तोच पुढे विणलेल्या वस्त्रावर वारंवार पडला तर रेशमाचं तेजही उतरवतो, कारण रेशीम हे प्रथिन आहे आणि क्षार प्रथिनाला झिजवतो. कोशाच्या कापडाला घरची पावडर कधीच लावू नये, ती कितीही स्वस्त असली तरी. तिथं रिठाच.

याच जंगलात मळ काढणाऱ्या फळांबरोबर कधीच न निघणारा डाग देणारं फळही आहे, ते म्हणजे बिबा. परीट-वरठी मंडळी कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी बिब्याच्या रसाने कापडाच्या कोपऱ्यावर खूण करत आणि तिच्यावर चुना लावून ती पक्की करत. भट्टीत घातलं, दगडावर आपटलं तरी ती खूण जात नसे. बिब्याचा रस अंगावर उततो, हे जंगलात जाणाऱ्यांना सांगायला नको. लुगड्याला तो लागलाच तर घासण्यात वेळ घालवू नये. तो डाग जायचा नाही.

आता राखेकडे वळू. भांडी घासायला राख चालते हे सगळ्यांना माहीत आहे, पण राखेराखेत फरक असतो आणि या दोन जिल्ह्यांत तो फार महत्त्वाचा आहे, कारण इथं तीन तऱ्हेच्या राखा सहज हाताशी येतात.

चुलीतली लाकडाची राख ही खरी कामाची. तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते पाण्यात उतरतं आणि तुपातेलाचा चिकटा सोडवतं. बारीक चाळून घेतली तर पितळ आणि स्टील दोन्हींना चालते. दुसरी राख धानाच्या तुसाची. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड हा धानाचा पट्टा, तिथल्या राइस मिलच्या आसपास ही राख पुष्कळ मिळते. तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूचाच प्रकार. ती घासते, पण चिकटा विरघळवत नाही, आणि स्टीलच्या ताटावर ओरखडे पाडते. बुडाला काजळी धरलेल्या कढईपुरतीच ती वापरावी. तिसरी राख कोळशाची. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेला आणि घरच्या कोळशाच्या शेगडीतल्या राखेला गावात एकच नाव आहे, राखड. ही राख भांड्यांना लावू नये. कोळसा जळाला की त्यातला दगडमातीचा भाग मागे उरतो. मळ काढणारा क्षार त्या राखेत नावापुरता असतो, आणि शिसं, आर्सेनिक यांसारखे जड धातू मात्र असू शकतात. दिसायला ती लाकडाच्या राखेहून मऊ आणि स्वच्छ वाटते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि ॲल्युमिनियम, म्हणजे आपली जर्मनची भांडी? त्यांना कुठल्याच क्षाराची बाधा सोसत नाही. राखेचं पाणी असो, धुण्याचा सोडा असो, जर्मनचं भांडं काळवंडतं आणि झिजतं. त्यांना साधा साबण आणि काथ्या पुरे. तांब्या-पितळेला उलट आंबट हवं. चिंचेच्या कोळातलं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, सोबत मीठ घातलं की काम लवकर होतं. नळावर, मोरीत आणि संडासाच्या भांड्यात जड पाण्याचे जे पांढरे-पिवळे थर बसतात तेही आंबटानेच जातात. लिंबूसत्त्वाचे दोन-तीन चमचे पेलाभर गरम पाण्यात घालून तासभर ओतून ठेवावं आणि मग घासावं. तिथं साबण कितीही घासला तरी उपयोग नाही, कारण तो थर चुन्याचा आहे, तेलाचा नाही.

साबण स्वतः करायचा असेल तर गडचिरोलीइतकी सोयीची जागा थोडी असेल. जूनच्या सुमाराला मोहाची फळं पिकतात आणि त्यांच्या बिया, म्हणजे टोळी, घरोघर वाळत पडतात. टोळीचं तेल दिव्याला, अंगाला लावायला आणि खायलाही वापरतात. हिवाळ्यात ते बाटलीत थिजतं. असं थिजणारं तेल कडक वडी देतं, म्हणून साबणाला चांगलं. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथल्याच मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाशा यांच्याबरोबर साबणाचाही विचार झाला. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलं आणि साबण हा आपल्या उद्योगांतला एक वेगळा विभागच केला. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. त्या विचाराचा गाभा मला अजून पटतो. बी गावातून कच्चं बाहेर जातं आणि साबण होऊन दहा हातांचा नफा घेत परत येतो. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला, मोहाच्या बियांना आधारभूत किंमतही जाहीर होते. पण बियांवर पुढची प्रक्रिया कुठं होते, हा प्रश्न उरतोच.

एक मात्र सांगतो. खाण्याजोगं चांगलं तेल साबणात घालू नये. ज्या घरात तेल मोजून वापरलं जातं तिथं हे पाप आहे. खवट झालेलं, तळाशी गाळ धरलेलं तेल गाळून घ्यावं. साबणाला ते चालतं.

एक किलो टोळीच्या तेलाला सुमारे १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३५० ग्रॅम पाणी लागतं. ७०० ग्रॅम टोळीचं आणि ३०० ग्रॅम खोबरेल घेतलं तर कॉस्टिक १४० ग्रॅम घ्यावा, फेस अधिक येतो. हे सगळं तराजूवर मोजायचं, अंदाजाने किंवा वाटीने नाही. कॉस्टिक कमी पडला तर साबण तेलकट राहतो, जास्त झाला तर हात सोलतो. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं घ्यावं, जर्मनचं तर कधीच नाही. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, थोडा थोडा, उघड्या जागी. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. मिश्रण खूप तापतं. ते कोमट झालं की कोमट तेलात बारीक धारेने ओतत घोटत राहावं. घट्ट होऊन दांड्यामागे रेघ उमटू लागली की साच्यात ओतावं, दुसऱ्या दिवशी कापावं आणि महिनाभर वाऱ्यावर ठेवावं. त्याआधी वापरू नये. हातमोजे, चष्मा आणि जवळ पाण्याची भरलेली बादली, इतकी तयारी नसेल तर हे काम घेऊच नये. कॉस्टिक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. घरात रांगतं मूल असेल तर मी म्हणेन, साबण विकतच आणा.

आणि एवढं करून हा साबण चालणार मऊ पाण्यात. भामरागडला तो उत्तम, गडचांदूरला सोडा घालूनच.

जड पाण्याच्या गावांना म्हणूनच पावडर सोयीची पडली. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ साली आपल्या घराच्या आवारात धुण्याची पावडर करायला घेतली आणि सायकलवरून विकली. सर्फ किलोला १३ रुपयांच्या घरात असताना त्यांची निरमा ३ रुपयांना मिळत होती. आज बचत गटांतल्या बायका करतात ती पावडर मुळात याच जातीची. तिच्यातलं मळ काढणारं द्रव्य बाजारात ॲसिड स्लरी नावाने मिळतं. त्यापासून जे तयार होतं ते कॅल्शियमला साबणाइतकं बळी पडत नाही, म्हणून पावडरीने पाण्याची परीक्षा होत नाही. किलोभर पावडरीला १२० ग्रॅम स्लरी आणि ५०० ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो, बाकीचं वजन बारीक मिठाचं. प्लॅस्टिकच्या घमेल्यात सोडा पसरून स्लरी थोडी थोडी टाकत लाकडी दांड्याने चोळायची. फसफसून गरम होईल, ते व्हायलाच हवं. रात्रभर ठेवून चाळायची आणि मीठ मिसळायचं. मीठ फक्त वजन वाढवतं, कपडा धुवत नाही. घरच्यापुरती करणार असाल तर मीठ घालूच नका, कमी पावडर वापरा. स्वस्त पावडरींत डोलोमाइटची भुकटी असते. ती विरघळत नाही आणि काळ्या कपड्यांवर पांढरी उमटते.

बल्लारपूर, घुग्घुस, माजरीकडे कपड्यांवर कोळशाची धूळ असते. तो कार्बन आहे, कशातच विरघळत नाही, फक्त उचलून पाण्यात तरंगत ठेवता येतो. कोरडा कपडा आधी झटकावा, घासू नये, मग पावडरीच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावा. रोवणीचा चिखलही वाळू देऊन झटकावा. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तेव्हा घाबरू नये. धुऊन उन्हात घातला की ऊनच तो उडवतं.

स्वच्छ दिसणं आणि जंतू मरणं या मात्र दोन गोष्टी आहेत. रिठा, चिंच, लिंबू, सोडा यांच्या भरवशावर घरातल्या हगवणीच्या रोग्याची खोली स्वच्छ झाली असं मानू नये. ग्रामपंचायतीकडे विहिरीत टाकायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. ताजी पावडर १५ ग्रॅम एक लिटर पाण्यात घालून वरचं निवळ पाणी फरशीला वापरावं. पण टीसीएल आणि संडासाचं ॲसिड किंवा लिंबूसत्त्व कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जीवावर बेततो. घरगुती कृतींत सोडा आणि लिंबू एकत्र करून फेस दाखवतात, तो धोक्याचा नाही, पण निरर्थक आहे. दोन्ही एकमेकांना संपवतात आणि हाती मिठासारखं पाणी उरतं.

शेवटी धुण्याचं पाणी. सोड्याचं पाणी परसातल्या वांगी-मिरचीला रोज घालू नका. सोडियमने काळी माती आवळते आणि चोपण होते. ते केळीच्या बुडाशीही नको, लांब शोषखड्ड्यात सोडा. रिठ्याचं पाणी झाडांना चालतं, पण बोडीत किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात ओतू नका, कारण सॅपोनिनने मासे गुदमरतात. पावडरीचं आणि साबणाचं पाणीही तलावाच्या काठापासून दूरच ओता. बादली भरून घ्या, काठ सोडून चार पावलं वर या आणि तिथं धुवा.